दीड हजाराचा चढ

३ फेब्रुवारी

आज दुपारी सव्वाचारला आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत तिसऱ्या मजल्यावरची केकवाली होती आणि तिचा तीन थरांचा केक होता. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा केकवाली पूर्ण होती, केक दोन थरांचा. वरचा थर धक्क्याने पडला असं ती म्हणते. पडलेला कुठेच दिसला नाही असं लिफ्टचे मिस्त्री म्हणतात.

मिस्त्रींनी मोटर उघडली, आत तोंड घालून "च्च" केलं आणि चाळीस हजार सांगितले. वर्षाचं देखभालीचं बिल वेगळं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी इमारतीचा खजिनदार आहे. गेल्या सभेत मी फोन घ्यायला दोन मिनिटं बाहेर गेलो होतो. आत आलो तो खजिनदार होऊनच.

५ फेब्रुवारी

लिफ्टच्या बिलांची फाईल काढली. सहा वर्षांची सहा बिलं. सहज कागदावर मांडली आणि ताठ बसलो.

मी पेशाने मुद्रितशोधक. सध्या शाळेच्या गणिताच्या पुस्तकाची प्रुफं तपासतोय, त्यामुळे 'रेषीय समीकरणे' हे प्रकरण मला पाठ आहे. समजलेलं नाही, पण त्यातल्या वेलांट्या पाठ आहेत. त्यातलं उदाहरण टॅक्सीचं: बसल्या बसल्या ठरावीक भाडं, मग दर किलोमीटरला ठरावीक वाढ. आलेख काढला की सरळ रेष. आडव्या अक्षावर वर्षं घेतली, उभ्यावर बिलं. पहिलं बिल आठ हजार. मग साडेनऊ. मग अकरा, साडेबारा, चौदा, साडेपंधरा. सहाच्या सहा बिंदू एका रेषेवर! पट्टी ठेवली तर एकही केसभर बाहेर नाही. आरंभ आठ हजार, पुढे दर वर्षाला दीड हजार.

रेष किती तिरकी आहे त्याला पुस्तकात 'चढ' म्हणतात. आमच्या लिफ्टचा चढ दीड हजार. लिफ्टला चढ असावा यात नवल काय, असा विनोद सुचला. बायकोला सांगितला. ती बस डेपोत वेळनोंदणीला आहे. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते दिवसभर लिहिते. ती म्हणाली, "हं." विनोदाचीही वेळ तिने मनात टिपली असावी.

लिफ्टसाठी जमणाऱ्या निधीचीही रेष काढली. तो दर वर्षी सहाशेने वाढतो. दोन्ही रेषा गेल्या वर्षी बरोब्बर साडेपंधरा हजारांवर एकमेकींना छेदतात. तिथून पुढे लिफ्ट वर, निधी खाली, आणि मधली फट रुंदावत जाते. आणि लिफ्ट बंद पडली तीही याच वेळी! इतकं स्वच्छ सत्य माझ्या हाताला आयुष्यात लागलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

सभा अध्यक्षांच्या घरी झाली. अध्यक्ष तळमजल्यावर राहतात. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि ते प्रत्येकाकडे नंबर तपासल्यासारखं बघतात. मी आलेख भिंतीवर लावला. आकडे नुसते वाचले असते तर जांभया आल्या असत्या. रेष दिसली की माणसं गप्प होतात.

"म्हणजे दहा वर्षांनी किती खड्डा?" अध्यक्षांनी विचारलं.

"वर्षाला नऊ हजार."

"बाप रे!" पहिल्या मजल्यावरचे सगळे एकदम म्हणाले.

केकवालीने बोटांवर हिशेब केला. "भाऊजी, आपली सोळा घरं आहेत. नऊ हजार म्हणजे घरामागे महिन्याला पन्नाससुद्धा नाहीत. तेही दहा वर्षांनी! माझं अंड्यांचं टरफल याच्यापेक्षा महाग पडतं."

मी तिला समजावलं की प्रश्न रकमेचा नसून दिशेचा आहे. हे वाक्य मला फार आवडलं. पुढे म्हणालो, "मी स्वतः चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्टची गरज सगळ्यांत जास्त मला. तरी मी म्हणतो की बंद करा. आता तरी माझ्या हेतूवर शंका नको." टाळ्या पडल्या. तळमजल्याच्या जरा जास्त.

ठरलं असं की जुलैपर्यंत लिफ्ट बंद ठेवून बघायची. १२ जुलैला शेवटचा निर्णय. जमलं तर लिफ्ट भंगारवाल्याला.

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही चढणार का रोज?"

"बहात्तर पायऱ्या तर आहेत."

"मी मोजल्यात," ती म्हणाली.

२४ फेब्रुवारी

जिना हाच खरा व्यायाम. रोज छापखान्यातून प्रुफं आणायची, तपासून परत न्यायची. म्हणजे एक फेरी ठरलेली. लिफ्टमध्ये शेजाऱ्याच्या मानेकडे बघत उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आमचं खालचं लोखंडी गेट लावलं की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. बायको म्हणते, "गेट वाजलं की मी चहा टाकते. तुम्ही दारात, चहा कपात." चांगली पद्धत आहे. आज दोन्ही एकदमच झालं.

१६ मार्च

दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचला. लिफ्ट बंद असल्याची सूचना आहे. मीच लिहिलेली आहे. तरी पुन्हा वाचली. लिहिलेलं तपासणं हा माझा पेशाच आहे. एक अनुस्वार राहिला होता.

घरी पोचलो तर चहावर साय. बायकोला म्हटलं, "हल्ली तुझं लक्ष नसतं." तिने डेपोच्या कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि कागद डब्याखाली ठेवला. वाण्याची यादी असणार.

१७ मार्च

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या उंच आहेत असा संशय आला. बांधणाऱ्याने तिथे माप चुकवलं असणार. सकाळी पट्टी घेऊन बसलो. केकवाली दार उघडून बघत राहिली.

"काय हरवलं भाऊजी?"

"पायऱ्या मोजतोय. या मजल्यावर उंच वाटतात."

"मग?"

"सगळ्या सतरा सेंटिमीटर."

"अरेरे," ती म्हणाली. हिच्या बोलण्यात नेहमी थोडी जास्त साखर असते. दोन हातांत दोन खोकी घेऊन ती खाली गेली. आता तीन थरांच्या ऑर्डरी घेत नाही म्हणे. एका वेळी एक थर न्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात केक बांधायचा.

६ एप्रिल

प्रुफांची पिशवी जड झाली आहे अशी खात्री वाटली म्हणून वाण्याकडे तराजूवर ठेवली. एक किलो आठशे. पूर्वी किती होती ते माहीत नसल्याने काही सिद्ध झालं नाही. बुटांवर शंका आहे.

तळमजल्यावर लिफ्टच्या दारासमोर अध्यक्षांनी दोन कपाटं आणून ठेवली आहेत. त्यांत चष्म्यांच्या फ्रेमा आहेत. "तात्पुरती," म्हणाले. कपाटांना मापाप्रमाणे केलेली फळी आहे आणि वर दिवा आहे. सोय जाणणारा माणूस.

२८ एप्रिल

पुन्हा गार चहा. आज मी बोललो. "अगं, तू सांगतेस काय आणि करतेस काय? गेट वाजल्यावर टाकतेस ना?"

"गेट वाजल्यावरच टाकते."

"मग गार कसा?"

तिने कप उचलला. "उद्यापासून उशिरा टाकते," म्हणाली. चूक मान्य केली की वाद मिटतो. तिच्यात हा गुण आहे.

१९ मे

आज दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधली. तिसऱ्यावर दुसऱ्या बुटाची. मग लक्षात आलं की आज चपला घातल्या आहेत.

हे इथेच लिहितो. कोणाला सांगायचं नाही. खरं सांगायचं तर छातीवर कोणीतरी पुस्तकांचा गठ्ठा ठेवल्यासारखं होतं आणि दोन मिनिटांत जातं. अपचन असणार. वय बावन्न, या वयात सगळं अपचनच असतं.

लिफ्टविरुद्ध मीच बोललो होतो. आता जिन्यात थांबलो तर लोक काय म्हणतील? म्हणून थांबताना हातात कागद धरतो. कागद हातात असला की थांबलेला माणूस विचार करणारा वाटतो.

८ जून

बाजारात मिस्त्री भेटले. चहाच्या टपरीवर बसलो. मी त्यांना आलेखाबद्दल सांगितलं. म्हटलं, तुमच्या बिलांइतकी शिस्त मी शाळेच्या पुस्तकातही पाहिली नाही. इतकी सरळ रेष कशी काय येते? मालाचे भाव, मजुरी, सगळं इतकं समान वाढतं?

त्यांना आधी कळलंच नाही. मग हसायला लागले. चहा सांडला.

"साहेब, बिल करायचं असलं की मी मागचं बिल बघतो आणि दीड हजार वाढवतो."

"आणि काम?"

"काम असेल तसं. एका वर्षी अख्खा दोर बदलला, घाटा खाल्ला. एका वर्षी नुसतं तेल घातलं. वाढवलं नाही तर लोक म्हणतात यांनी कामच केलं नाही. जास्त वाढवलं तर सभा घेतात. दीड हजाराला कोणी काही म्हणत नाही."

"सहा वर्षं?"

"तुमच्या आधीच्या खजिनदारांनी तर एकदाही विचारलं नाही. तुम्ही पहिले."

म्हणजे मी लिफ्टचा खर्च मोजत नव्हतो. मिस्त्रींची सवय मोजत होतो. पट्टी केसभर हलत नव्हती, कारण ती रेष पट्टीनेच काढलेली होती; फक्त पट्टी धरणारा मी नव्हतो.

९ जून

सभेला सांगायला हवं. लिफ्टचा खरा खर्च कोणालाच ठाऊक नाही. कदाचित कमी असेल, कदाचित जास्त. माझा आलेख भिंतीवरची शोभा होती.

पण सांगणार कसं? अध्यक्ष काल जिन्याखाली भेटले आणि म्हणाले, "तुमची रेष मी दुकानात लावलीय. गिऱ्हाइकं विचारतात कोणी काढली." केकवाली म्हणेल "अरेरे". बारा जुलैला अजून महिना आहे. प्रश्न रकमेचा नसून दिशेचा आहे, हे तर खरंच ना?

नाही. तेही खरं नाही. पण आज लिहिण्यापलीकडे काही करणार नाही.

१५ जून

आज घरी पोचलो तेव्हा चहा कपात नव्हता. बायको दारात उभी होती, हातात डेपोचं घड्याळ. चालू-बंद करायचं.

"बसा," म्हणाली. पाणी दिलं. मग डब्याखालचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वाण्याची यादी नव्हती. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर मिनिटं. अक्षांना नावं, एककं, सगळं पुस्तकात सांगितल्यासारखं. माझ्याच प्रुफांवरून शिकली असणार.

"हे काय?"

"गेट वाजल्यापासून बेल वाजेपर्यंत. रोज लिहीत होते. आलेखात तीन-तीन आठवड्यांनी एक घेतलाय."

दोन मिनिटं दहा सेकंद. मग दोन पस्तीस. तीन दहा. तीन तीस. सव्वाचार मिनिटं. चार चाळीस. सहा बिंदू. रेष त्यांच्या मधून जात होती, पण एकही बिंदू नेमका तिच्यावर नव्हता. कोणी थोडा वर, कोणी थोडा खाली. ते बघूनच कळलं की हे आकडे खरे आहेत. हे कोणी मागच्यात वाढवून लिहिलेले नव्हते.

मी म्हटलं, "यात घड्याळाची चूक..."

"मी पिशव्या घेऊन दोन मिनिटांत येते. तेच घड्याळ."

"मग मी जरा हळू चालतो, झालं. तुला ओरडायचंय तर ओरड."

"अहो, डेपोत एखादी गाडी अशी दर आठवड्याला जास्त उशीर करायला लागली तर आम्ही ड्रायव्हरला ओरडत नाही. गाडी कार्यशाळेत पाठवतो." मग रेषेच्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "मी ही पुढे नेलेली नाही. मला न्यायची नाही. उद्या सकाळी साडेनऊला डॉक्टरांची वेळ घेतलीय."

मला राग आला. म्हटलं, "दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तुमच्या रेषेला सहा बिंदू होते," ती म्हणाली. "माझे तीनच असते तर तुम्ही हसला असतात."

१६ जून

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या चेहऱ्याकडे न बघता कागदाकडे बघतात. आमचं जमलं. त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून?" मी म्हटलं, "तसा काही..." बायकोने आलेख पुढे केला. त्यांनी तो ईसीजीच्या पट्टीइतका वेळ पाहिला. "हे कोणी केलं?" विचारलं. मग मला सांगितलं की आज घरी जायचं नाही.

संध्याकाळपर्यंतच्या तपासण्यांत निघालं की हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे. परवा ती रुंद करतील. मोठं काही नाही म्हणाले. फक्त अजून दोन महिने जिना चढला असतात तर मोठं झालं असतं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. मी तिला म्हटलं, "बघ, अपचन नव्हतं." ती तोंड फिरवून भिंतीवरचं घड्याळ बघायला लागली. बराच वेळ बघत होती. ते घड्याळ बंद होतं.

२ जुलै

घरी आलो. जिना चढायचा नाही असा हुकूम, आणि घर चौथ्या मजल्यावर. बायकोने डेपोतले दोन कंडक्टर बोलावले. त्यांनी मला खुर्चीत बसवून वर आणलं. बहात्तर पायऱ्या मी पहिल्यांदाच निवांत पाहिल्या. दुसऱ्या मजल्यावर माझीच सूचना: लिफ्ट बंद आहे. तिसऱ्यावर केकवाली दारात उभी होती. या वेळी "अरेरे" म्हणाली नाही. "भाऊजी, सावकाश," म्हणाली. ते जास्त लागलं.

आता खाली जाता येत नाही. माझ्याच रेषेने मला माझ्याच घरात कोंडलं आहे.

१० जुलै

अध्यक्षांचा फोन. परवाची सभा नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे. मी म्हटलं, मला खाली येता येणार नाही. ते म्हणाले, हरकत नाही, तुमच्याशिवाय उरकू. मी नियमांची वही काढली. 'खजिनदाराच्या अनुपस्थितीत लिफ्टविषयी निर्णय घेता येणार नाही.' फेब्रुवारीत मीच घातलेला नियम, स्वतःचं महत्त्व वाढवायला. म्हणून सभा वर, आमच्याकडे.

माझी कबुली लिहून काढली. दीड पान. तीनदा तपासली. चूक एकच सापडली, आणि ती पाच महिन्यांपूर्वीची होती.

१२ जुलै

सभा सहाला होती. सहाला खालचं गेट वाजलं; अध्यक्ष दुकानातून आले होते. बायकोने घड्याळ चालू केलं आणि चहा टाकला.

आधी केकवाली आली, एकच मजला चढून. मग पहिल्या मजल्यावरचे तिघे. मग कोणीच नाही. जिन्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. त्याच्यामागे कधीतरी अध्यक्ष आले. चौकट धरून उभे राहिले. चष्म्यावर वाफ.

"पाच मिनिटं चाळीस," बायको वहीत लिहीत म्हणाली.

"काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही. बसा. चहा गार झालाय, दुसरा करते."

मी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. "सभासदहो, फेब्रुवारीत मी मांडलेला आलेख खोटा होता. खर्च नव्हे, तर मिस्त्रींची—"

"ते राहू द्या हो," अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले. "पाणी द्या आधी."

"पण मला सांगायलाच हवं. ती रेष—"

"लिफ्ट कधी चालू होईल ते सांगा!"

"चाळीस हजार," मी म्हटलं. "घरामागे अडीच हजार."

"मंजूर?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे हात वर गेले. पहिल्या मजल्याचेही. सभा चार मिनिटांत संपली. माझी कबुली कोणी ऐकली नाही; ती इतिवृत्ताला टाचून ठेवली आहे, म्हणजे कोणीच वाचणार नाही.

जाताना केकवाली थांबली. "भाऊजी, मी ऐकली हं," म्हणाली. "मिस्त्रींचं मला चार वर्षांपासून माहीत होतं."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

"मी रकमेबद्दल बोलले तेव्हाच तुम्ही दिशेबद्दल काहीतरी बोललात."

३ ऑगस्ट

आज लिफ्ट सुरू झाली. कपाटं हलवताना अध्यक्षांची कंबर धरली. चाळीस हजार घेऊन मिस्त्री गेले आणि जाताना वर्षाचं बिल देऊन गेले. सतरा हजार. म्हणजे साडेपंधरा अधिक दीड. मी आलेखावर बिंदू मांडला, रेषेवर आहे.

डॉक्टरांच्या परवानगीने आज पहिल्यांदा खाली जाऊन आलो. गेट लावलं, ते वाजलं. लिफ्टमध्ये उभा राहिलो, कोणाच्या मानेकडे बघण्याची गरज नव्हती. बेल वाजवली.

चहा अजून उकळत होता. बायको घड्याळ घेऊन उभी होती. "पंचावन्न सेकंद," म्हणाली आणि कागदावर टिंब काढलं. सातवं. बाकीच्या सहांपासून कितीतरी खाली, कुठल्याही रेषेत न बसणारं.

"आता बंद कर हे," मी म्हटलं.

"करते," ती म्हणाली आणि घड्याळ शून्यावर आणून गॅसजवळ ठेवलं. जिथून गेट ऐकू येतं तिथे.